ओसरत्या पाण्याकाठी

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना बुटीबोरी लागते. आज हे गाव कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु याच परिसरात, वेणा नदीच्या खोऱ्यात, वडगावचा विस्तीर्ण जलाशय आहे. फाल्गुनात पळस फुलू लागतात आणि अशा जलाशयांचे पाणी हळूहळू ओसरते. काठावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. माणसाला तो उदास वाटतो. पक्ष्यांसाठी मात्र ते वाढून ठेवलेले ताटच होय. पहाटे सूर्य पाठीशी घेऊन, हालचाल न करता दूर बसावे, म्हणजे ही पंगत नीट पाहता येते.

या पंगतीतील प्रत्येकाची जागा त्याच्या पायांनी व चोचीने ठरविलेली असते. ओल्या काठावर तुतारी लगबगीने किडे टिपते. थोड्या पाण्यात शेकाट्या आपल्या लांब, गुलाबी पायांवर चालत असतो. त्याच्या पुढे चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून उभा राहतो. मासा चोचीला लागताच ती मिटते. खोल पाण्यात पाणकावळे बुड्या मारतात. त्यामुळे भांडणाचे कारण फारसे उरत नाही.

याच सुमारास हिवाळी पाहुणे निघण्याच्या तयारीत असतात. त्यांत पट्टकादंब हा हंस विशेष लक्ष वेधतो. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. त्याची वीण तिबेट, लडाख व मंगोलियातील सरोवरांकाठी होते. तेथे पोचण्यासाठी त्याला हिमालय ओलांडावा लागतो. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर तो उडत असल्याची नोंद झालेली आहे! तेथील हवा अत्यंत विरळ. परंतु त्याच्या रक्तातील द्रव्य प्राणवायू अधिक सहजतेने धरून ठेवते. प्रवासाचे बळ मात्र येथील गवत व धान्य खाऊनच साठवावे लागते.

पाहुणे गेले तरी काठ रिकामा होत नाही. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. त्यांचा रंग मातीखड्यांत बेमालूम मिसळतो. नदीसुरय पाण्यातून वर आलेल्या बेटावर अंडी घालतो. सभोवती पाणी असेपर्यंत कुत्री व गुरे तेथे फिरकत नाहीत. पाणी आणखी उतरले, की बेट काठाला जुळते. शेतकरीही उघड्या पडलेल्या सुपीक गाळात गाळपेर करतात. त्यांनाही पोट आहे. अशा वेळी नांगराचा तास आणि टिटवीचे घरटे यांत कधी कधी हातभराचेच अंतर असते. ती डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली, म्हणजे जाणता शेतकरी बैल थांबवून आधी पायाखाली पाहतो.