समुद्र कोठे संपतो?

खर्डी आणि कसारा यांच्या मध्ये असलेल्या उंबरमाळीत समुद्रकाठच्या जमिनीच्या नियमांचा विषय काढला, तर ऐकणारा साहजिकच विचारील, ‘येथे समुद्र आहे कोठे?’ डोळ्यांसमोर थळ घाटाचे डोंगर आणि भाताची खाचरे. परंतु शहापूर-मुरबाडचे पाणी कोठे जाते ते पाहावे. भातसा आणि काळू यांचे पाणी उल्हास नदीतून वसईच्या खाडीला मिळते. तानसेचे पाणी वैतरणेतून समुद्र गाठते. तेव्हा खरा प्रश्न असा की, समुद्र संपतो कोठे आणि नदी सुरू होते कोठे? या प्रश्नाच्या उत्तरावर हजारो लोकांची घरे, मासेमारी आणि शेती अवलंबून आहे. म्हणून या विषयाचा थोडा विचार करू.

जमिनीची कामे नेमून देणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. प्रत्येक गावात गावठाण वेगळे, गायरान वेगळे, मसणवट वेगळी. गायरानात कोणी घर बांधू लागला तर गाव हरकत घेई. कारण एकाच्या सोयीसाठी सगळ्यांची गुरे उपाशी ठेवायची नाहीत, हा न्याय सर्वांना कळत होता. समुद्रकाठासाठी सरकारने केलेले नियम म्हणजे हाच न्याय मोठ्या प्रमाणावर लावणे होय.

१९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जागा मोकळी ठेवण्यास कळविले. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. तिने मुख्य भूमीवरील किनाऱ्याचे, ढोबळमानाने सांगायचे तर, तीन वर्ग केले. पहिल्यात कांदळवने, प्रवाळ, कासवांच्या विणीच्या जागा आणि भरती-ओहोटीमधला पट्टा. येथे जवळजवळ काहीच करावयाचे नाही. दुसऱ्यात आधीच वसलेली शहरे. तिसऱ्यात खेडी आणि मोकळा किनारा. तेथे पहिल्या २०० मीटरमध्ये नवे बांधकाम नाही, असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती मात्र चालेल. २०११ च्या अधिसूचनेने यात एक सुधारणा केली: कोळी आणि इतर पारंपरिक किनारावासी यांना १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात राहते घर बांधता येऊ लागले. बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणीही तेव्हापासून नियमांच्या कक्षेत आले.

आता भरतीरेषा म्हणजे काय? रोजची भरती सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असते. उधाणाचे पाणी जमिनीवर जेथवर चढते ती रेषा कायद्याने धरली आहे. खाडीत मात्र नुसत्या पाण्याच्या चढउतारावर भागत नाही. तेथे मीठ मोजावे लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीतून वर जाता जाता ते कमी होत जातात. वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत जेथे ते हजारी पाच भागांवर येतात, तेथे कायद्याच्या दृष्टीने खाडीचे क्षेत्र संपते.

येथेच डोंगराचा आणि समुद्राचा संबंध जुळतो. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात आणि खाऱ्या पाण्याला खाली रेटतात. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा ओघ आटला की खारे पाणी वर चढते. तो ओघ किती राहतो हे नुसत्या पावसावर नव्हे, तर वरची धरणे किती पाणी अडवितात आणि किती सोडतात यावरही ठरते. म्हणजे खाडीकाठच्या गावाची रेषा ज्या मिठाने ठरते, त्या मिठाची चढउतार काही अंशी आमच्या डोंगरातच ठरत असते.

१८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने हे अंतर पुष्कळ कमी केले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरऐवजी ५० मीटरच मोकळे राहतात. खाडीकाठी १०० मीटरच्या जागी ५० मीटर, किंवा खाडीची रुंदी कमी असेल तर तेवढेच. किनाऱ्याचा नवा नकाशा मंजूर झाल्यावरच ही सवलत लागू होते. सवलतीचा एक लाभ उघड आहे: वाढत्या कुटुंबाला घर वाढविता येईल. पण तीच मोकळीक जमीन विकत घेऊन हॉटेल बांधणारालाही मिळते, आणि दोघांची ऐपत सारखी नसते.

नियम असून भागत नाही, तो कोण राखतो हेही महत्त्वाचे. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेला डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला व तेथील उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा पडली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली अटींसह संमती दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बंदराची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको, याविषयी मतभेद असू शकतील. परंतु एकदा आखलेली रेषा कायमची असते, या भ्रमात कोणी राहू नये.

मग सामान्य माणसाने काय करावे? पहिले काम नकाशा पाहण्याचे. राज्याचा नकाशा १:२५,००० प्रमाणाचा असतो. त्यावर ५० मीटर म्हणजे केवळ दोन मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ ओढली तरी तिच्याखाली साडेबारा मीटर जमीन जाते, आणि तेवढ्यात एक घर मावते! म्हणून गट नंबर दाखविणारा, सुमारे १:४,००० प्रमाणाचा गावपातळीचा नकाशा मागितला पाहिजे. कच्च्या नकाशावर हरकती घेता येतात, जनसुनावणी होते. त्या वेळी गप्प बसून पुढे कचेरीचे उंबरठे झिजविण्यात अर्थ नाही. उधाण कोठवर येते, तिवरे कोठे आहेत, होड्या कोठे ओढतात, जाळी कोठे वाळतात, हे कोळीवाड्यातील म्हाताऱ्यांना मोजणीदारापेक्षा चांगले ठाऊक असते. ते ग्रामसभेत लिहून घ्यावे आणि ठरावासह सादर करावे.

आणि डोंगरातल्या गावांनी? धरणातून उन्हाळ्यात नदीत किती पाणी सुटते, हा प्रश्न त्यांनी आपला म्हणून विचारावा. भातसेच्या काठच्या गावाला तो पिण्याच्या पाण्याचा वाटेल, खाडीकाठच्या कोळ्याला मासळीचा. पाणी मात्र एकच आहे, आणि दोघांनी मिळून विचारले तर उत्तर टाळणे कठीण जाईल.