वखराची पास, वेजचं बूड

टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांना नीट बसतात की नाही हे बघायची एक जुनी रीत आहे. एका भागाला निळा रंग अगदी पातळ चोळायचा, तो दुसऱ्यावर टेकवून सरकवायचा आणि निळं कुठे उमटलं ते बघायचं. आम्ही याला ब्लू मॅचिंग म्हणतो. नगरच्या एमआयडीसीत माझी उमर याच कामात गेली. निवृत्तीनंतर एका सकाळी तोच रंग मी गोल्फच्या सँड वेजच्या बुडाला लावला, अंगणात प्लायवूडचा तुकडा टाकला आणि त्यावरून दहा वेळा क्लब फिरवला. लाकडावर उमटली ती बुडाची मागची बाजू. पुढची धार, जी चेंडूखाली शिरायला हवी, ती लाकडाला शिवलीच नव्हती.

त्याआधीचे दोन महिने माझे फार वाईट गेले होते. ग्रीनपासून पंधरा पावलांवर चेंडू असावा, हलक्या हाताने उचलून झेंड्याजवळ टाकावा, एवढंच काम. पण धार चेंडूच्या पोटात बसायची आणि चेंडू जमिनीलगत सुसाट निघून ग्रीनच्या पलीकडच्या गवतात जाऊन पडायचा. मी स्विंगला दोष देत होतो, मनगटांना देत होतो. त्या निळ्या डागाने मला पहिल्यांदा सांगितलं की दोष कोनात आहे. क्लब घेताना दुकानदाराने सांगितलं होतं की सँड वेज हाच घ्या, सगळे हाच घेतात. त्यावर ५६ आणि १४ असे दोन आकडे कोरलेले होते. पहिला मला कळत होता. दुसऱ्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. खेळाडूला बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात. पंधरावा सापडला तर स्ट्रोक प्लेमध्ये तो ज्या ज्या होलला बॅगेत होता त्या प्रत्येकासाठी दोन फटक्यांचा दंड होतो, एका फेरीत जास्तीत जास्त चार. हा नियम अमेरिकेत १९३८ मध्ये आला आणि ब्रिटनच्या आर अँड ए संस्थेने तो १९३९ मध्ये लागू केला. त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरत आणि ते सगळं ओझं कॅडीच्या खांद्यावर असे. चौदांतले लांब दांड्याचे क्लब लांब पल्ल्यासाठी, पटर ग्रीनवर चेंडू घरंगळवण्यासाठी, आणि शेवटच्या शंभर यार्डांचं जवळजवळ सगळं काम वेजचं. वेज म्हणजे पाचर. तिरपा, जड, रुंद बुडाचा हा क्लब चेंडू उंच उचलतो आणि लवकर थांबवतो. पिचिंग, गॅप, सँड आणि लॉब अशी त्याची चार भावंडं आहेत. त्यांतली कुठली बॅगेत न्यायची, हा प्रश्न ड्रायव्हर कुठला घ्यावा यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे. ड्रायव्हर फेरीत फार तर चौदा वेळा हातात येतो. आमच्यासारख्या हौशी माणसाचा चेंडू तर जवळजवळ प्रत्येक होलला ग्रीनच्या अलीकडे-पलीकडे पडतो, आणि मग वेजच काढावा लागतो.

कोरलेला पहिला आकडा लॉफ्टचा, म्हणजे क्लबचा चेहरा किती मागे कललेला आहे त्याचा. दुसरा बाऊन्सचा. दांडा सरळ उभा धरला की बुडाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा किती खाली राहते, तो कोन म्हणजे बाऊन्स. लेथवरच्या कटिंग टूलला आपण मुद्दाम क्लिअरन्स देतो, म्हणजे धारेमागचा भाग कामावर घासत नाही. वेजमध्ये याच्या बरोबर उलट केलेलं असतं. मागचा भाग मुद्दाम घासला जावा, त्याने जमिनीवर टेकून धारेला खोल जाऊ देऊ नये, अशी ती रचना आहे.

हे मला टूलरूमने नीट समजावलं, पण खरं तर ते मला लहानपणापासून माहीत होतं. आमचं रान पारनेर तालुक्यात, मुरमाड माळावर. वडील वखर धरायचे तेव्हा जमीन कडक असली की पास, म्हणजे वखराचं आडवं पातं, वरच्यावर सरकायची आणि काशा तशाच उभ्या राहायच्या. मग मला वखरावर बसवायचे, नाहीतर एखादा धोंडा ठेवायचे. ओल जास्त असली की तीच पास खोल रुतायची आणि बैल फेसाळायचे. वडील थांबायचे, पासेच्या मुळाशी ठोकलेली पाचर सैल करायचे, कोन जरासा बदलायचे आणि पुन्हा घट्ट ठोकायचे. अंशाचा आकडा त्यांना सांगता आला नसता. मातीत पाय घासून ते ठरवायचे.

वेजचं शास्त्र याहून वेगळं नाही. मऊ, ओली जमीन किंवा बंकरमधली भुसभुशीत वाळू असेल तर बाऊन्स जास्त हवा, १० अंशांच्या वर. धार खाली जाऊ पाहते, बूड तिला वर उचलतं. कडक, उघडी, गवत विरळ असलेली जमीन असेल तर ४ ते ८ अंश पुरे. तिथे जास्त बाऊन्सचं बूड आधी जमिनीवर आपटतं, उसळतं आणि धार चेंडूच्या मध्यावर येते. माझं नेमकं हेच होत होतं. १४ अंशांचा तो क्लब वाईट नव्हता, पाणी दिलेल्या मऊ हिरवळीसाठी तो उत्तम आहे. मी त्याला मार्च-एप्रिलच्या मुरमावर घेऊन गेलो होतो.

बाऊन्सची ही गोष्ट जिथून सुरू झाली ती कारागिराच्या हाताची आहे. गोल्फपटू जीन सॅराझेन हा इटालियन सुताराचा मुलगा, लहानपणी कॅडी होता. बंकरमधून चेंडू काढताना निब्लिक या जुन्या क्लबची पातळ धार वाळूत रुतायची, त्याने तो हैराण होता. त्या आधीच कोणीतरी खोलगट चेहऱ्याचा वेज काढला होता, पण १९३१ मध्ये त्यावर बंदी आली. सॅराझेन सांगत असे की, वैमानिक हॉवर्ड ह्यूजबरोबर विमानात बसलेला असताना शेपटीकडचा भाग खाली गेला की विमान वर उचललं जातं हे त्याने पाहिलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. फ्लोरिडातल्या न्यू पोर्ट रिची गावी त्याने निब्लिकच्या बुडाला शिशाचे डाग दिले, कानशीने घासले, वाळूत मारून बघितले, पुन्हा डाग दिले. १९३२ ची ब्रिटिश ओपन त्याने इंग्लंडमधल्या प्रिन्सेस मैदानावर जिंकली तेव्हा हा क्लब त्याच्या बॅगेत होता. सरावाच्या दिवसांत क्लब कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून आपण तो बॅगेत उलटा ठेवायचो असंही सॅराझेन सांगे. हा प्रसंग वाचताना माझ्या नाकात गरम शिशाचा वास आला. ज्याने आयुष्यभर कानस चालवली आहे त्याला एकेक डाग वाढवत, एकेक घासत गेलेली ती संध्याकाळ डोळ्यांसमोर दिसते.

आमच्या भागात गोल्फ म्हटलं की लष्कर आठवतं. इंग्रजांनी १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेतला, पुढे भिंगारला छावणी झाली, आणि १९४८ पासून चिलखती दलाचं केंद्र व प्रशिक्षणशाळा इथेच आहे. देशभर हा खेळ मोठ्या प्रमाणावर छावण्यांबरोबर पसरला. पुण्यात जन्मलेला आणि २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आलेला अनिर्बान लाहिरी हाही लष्करी डॉक्टरांचाच मुलगा. मलाही हा खेळ शेजारच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनीच लावला. पाण्याची सोय नसलेल्या कोरड्या छावण्यांमध्ये पूर्वी ग्रीनऐवजी ब्राउन असत, म्हणजे तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे वर्तुळ. साहेब तरुणपणी अशा ब्राउनवर खेळलेले. तिथे चेंडू उंच टाकून उपयोग नसे, तो अलीकडे टेकवून सरपटत न्यावा लागे, आणि त्यासाठी सात नंबरची आयर्न वेजपेक्षा बरी पडे.

माझी तक्रार ऐकून साहेबांनी क्लब हातात घेतलाच नाही. म्हणाले, "अहो, क्लब कुठला ते नंतर विचारा. आधी खाली बसा आणि जमिनीला अंगठा लावा." मी लावला. अंगठा जागच्या जागी राहिला, नखाला मुरमाची पांढरी भुकटी लागली. "आता सांगा, इथे तुमचं चौदा अंशांचं बूड कुठे जाणार?"

नगर जिल्ह्यात फिरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कोपरगाव-श्रीरामपूरकडे गोदावरी-प्रवरेच्या काठची काळी जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पारनेरकडे मुरमाचा माळ. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात भरपूर पाऊस, आणि बाकीचा बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेत. एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हेचे वेज लागावेत अशी ही माती आहे. म्हणून परदेशी खेळाडूच्या बॅगेत काय आहे ते बघून खरेदी करणं मला पटत नाही. त्याची हिरवळ वेगळी, त्याचा वेग वेगळा.

जमीन कळली तरी स्वतःचा हात कळायचा राहतोच. क्लब मारल्यावर निघणारं ढेकूळ बघावं. कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखा खोल खड्डा पडत असेल तर त्या माणसाला बाऊन्स जास्त लागतो, झाडणी मारल्यासारखं गवत नुसतं वरून निघत असेल तर कमी चालतो. फटक्याच्या वेळी हात चेंडूच्या पुढे नेऊन दांडा पाच अंश पुढे झुकवला तर ५६ चा लॉफ्ट ५१ होतो आणि १४ चा बाऊन्स ९. उलट चेहरा उघडा धरला तर दोन्ही वाढतात. म्हणजे कोरलेला आकडा ही नुसती सुरुवात आहे, प्रत्यक्ष कोन हातच ठरवतो. स्पेनचा सेव्ह बालेस्टेरोस लहानपणी पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर एका जुन्या तीन नंबरच्या आयर्नने वाळूतून, गवतातून, सगळीकडून चेंडू मारायला शिकला, तो याच जोरावर.

आता लॉफ्टचं गणित. पन्नास वर्षांपूर्वी पिचिंग वेजचा लॉफ्ट ५० अंशांच्या आसपास असायचा आणि सँड वेजचा ५६, त्यामुळे दोन वेजमध्ये काम भागायचं. पुढे चेंडू लांब जावा म्हणून आयर्नचे लॉफ्ट कमी कमी होत गेले. आज पुष्कळ सेटमधला पिचिंग वेज ४४-४५ अंशांचा असतो. सँड वेज मात्र ५६ वरच राहिला. मध्ये जी दरी पडली ती बुजवायला गॅप वेज आला. माझा पिचिंग वेज ४४ चा, तो १०५ यार्ड जायचा, आणि ५६ चा ७५. मधल्या तीस यार्डांत चेंडू पडला की मी अर्ध्या जोराने मारायचो, आणि अर्ध्या जोराचा फटका नवख्याला कधीच एकसारखा बसत नाही. ५० चा वेज घेतला, तो ९० यार्डांवर पडतो. ४४, ५०, ५६. सहा-सहा अंशांच्या पायऱ्या, पंधरा-पंधरा यार्डांचं अंतर. अंतर मोजायला मी रानातल्या बांधापासून पावलं टाकली आणि प्रत्येक क्लबचे वीस-वीस चेंडू मारले. सगळ्यांत लांब गेलेला चेंडू धरू नये, ढीग जिथे पडतो ती जागा धरावी.

आता उरला ६० अंशांचा लॉब वेज. गोल्फपटू टॉम काइटने १९८० च्या सुमारास प्रशिक्षक डेव्ह पेल्झच्या सल्ल्याने तो बॅगेत ठेवला आणि नंतर त्याची लाट आली. फिल मिकल्सन तर ६४ अंशांपर्यंत गेला. लॉब वेज चेंडू सरळ वर उचलून अलगद टाकतो, हे पाहायला फार देखणं आहे. पण त्यासाठी चेंडूखाली गवताची गादी हवी आणि जोरात मारायचं धाडस हवं. उघड्या जमिनीवर केसभर चूक झाली की चेंडू डोक्यावरून ओरडत जातो. मी ड्रायव्हर, एक वूड, दोन हायब्रिड, पाच ते नऊ नंबरच्या पाच आयर्न, तीन वेज आणि पटर मोजले, तेरा झाले. चौदावी जागा लॉब वेजला द्यावी का यावर मी पूर्ण हिवाळा विचार केला.

शेवटी ती जागा मी दुसऱ्या ५६ ला दिली. एक ८ अंश बाऊन्सचा, जुना, वापरलेला, कोणाकडून तरी घेतलेला. दुसरा तो १४ चाच, ज्याला मी दोन महिने शिव्या दिल्या. लॉफ्ट एकच, बूड वेगळं. साहेब पाहुणा म्हणून मला दख्खनच्या पठारावरच्या मैदानांवर नेतात. तिथे फेअरवे उघडा आणि कडक, पण बंकरमध्ये खोल कोरडी वाळू, असं पुष्कळदा असतं. वाळूत १४, बाहेर ८. ब्लू मॅचिंग पुन्हा केलं. ८ च्या क्लबचा रंग प्लायवूडवर धारेच्या अगदी जवळ उमटला, आणि त्या दिवशी मुरमावरून मारलेला पहिला चेंडू उंच गेला, दोनदा टप्पा घेतला आणि थांबला. धार आणि माती यांच्यात जो छोटासा कोरडा आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो.

एक गोष्ट मात्र कोणताही क्लब घेतला तरी सारखीच. चेहऱ्यावरच्या खाचा चेंडूला फिरकी देतात, कारण पाणी आणि गवताचा रस त्या खाचांमधून निघून जातो. त्यांच्या कडा किती धारदार असाव्यात यावर व्यावसायिक खेळात २०१० पासून मर्यादा आहे. काळी माती एकदा खाचेत बसली की वाळून सिमेंटसारखी होते. मी बॅगेत जुना दात घासायचा ब्रश आणि बाभळीचा एक काटा ठेवतो.

आमच्याकडे मोठा पाऊस आषाढात नाही, भाद्रपदात येतो. परतीच्या पावसाने माळ एकदम भिजतो आणि त्या दिवसांत ८ चा वेज रुततो, मग मी तो घरी ठेवून १४ वरच खेळतो. आता दिवाळी आली आहे, रानात वाफसा आला आहे, शेजारी हरभऱ्याची पेरणी चालू आहे. आज सकाळी बांधावर बसून अंगठा दाबला, अर्धं नख आत गेलं. अजून पंधरा दिवस ८ ला खुंटीवरच राहू देतो.