गीझर बदलताना जागाही बदला

जुना गीझर गळू लागला की अनेक घरांत त्याच जागी गॅस गीझर बसवला जातो. पाणी लगेच तापते, विजेचे बिलही वाचते. पण बंद बाथरूममध्ये गॅस जळताना प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. मग हातपाय गळतात आणि दाराची कडी काढण्याचेही बळ उरत नाही.

म्हणून गॅस गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. तशी जागा नसेल तर विजेचा गीझर बरा.

कोणी बेशुद्ध आढळल्यास त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, १०८ क्रमांकावर फोन करावा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी नॉर्मल आकडा दाखवू शकतो, आणि हा प्रकार फिट आल्यासारखाही भासतो. त्यामुळे ‘गॅस गीझर चालू होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. योग्य उपचार त्या एका वाक्याने लवकर सुरू होतात.