अलैंगिकता : व्रत, व्याधी की प्रवृत्ती?

मुलगी तिशीला आली, शिकली, नोकरीला लागली. लग्नाला मात्र नको म्हणते. वडीलधारी मंडळी कारणे शोधू लागतात. कोणाशी जमले असेल काय? काही दुखणे असेल काय? ‘मला तशी ओढ कोणाविषयी कधी वाटलीच नाही,’ हे तिचे सरळ उत्तर तेवढे कोणाला खरे वाटत नाही. ते खरे असू शकते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

स्त्री असो वा पुरुष, कोणाविषयीही लैंगिक आकर्षण न वाटणे किंवा क्वचितच वाटणे, यास अलैंगिकता म्हणतात. तिची पहिली गल्लत होते ती ब्रह्मचर्याशी. ब्रह्मचर्य हे व्रत होय. तेथे इच्छेचा निग्रह असतो. येथे निग्रह कशाचा करावयाचा? ज्याला गोडाची आवडच नाही, त्याने साखर सोडली असे आपण म्हणत नाही.

दुसरी गल्लत रोगाशी. पूर्वी असलेली इच्छा आजाराने वा औषधाने मावळली, तर डॉक्टरांकडे जाणे योग्यच. परंतु जी कधी नव्हती आणि जिच्या नसण्याची खंतही नाही, तिच्यावर उपचार कसला? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानग्रंथात, स्वतःस अलैंगिक म्हणविणाऱ्यांना कामेच्छेच्या विकाराचे निदान लावू नये, असे म्हटले आहे.

ही माणसे आजची नव्हेत. आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ च्या अहवालात लैंगिक कल मोजण्यासाठी ० ते ६ अशी पट्टी आखली. तीत न बसणाऱ्यांसाठी त्यांना ‘एक्स’ हा निराळा वर्ग करावा लागला. पुढे २००४ साली कॅनडातील अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधील १८,००० हून अधिक लोकांची पाहणी तपासली. कोणाविषयीही आकर्षण कधीच वाटले नाही, असे सुमारे १ टक्का लोकांनी सांगितले होते.

अशा माणसांना प्रेम कळत नाही, हाही गैरसमज. कित्येकांना सोबत हवी असते, संसारही हवा असतो. कित्येकांना एकटे राहणे रुचते.

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवून या विषयावर मराठीत मोकळेपणाने बोलण्याची वाट पाडली. त्या मोकळेपणात ‘मला इच्छा नाही’ म्हणण्याची मुभाही आली पाहिजे. ‘एकदा लग्न झाले की सारे सुरळीत होईल,’ या भरवशावर आपण एकाचे नव्हे, दोघांचे आयुष्य पणाला लावतो. त्याआधी तिचे उत्तर एकदा ऐकून तरी घ्यावे.