विश्लेषण : बॉल पायथनचे पिल्लू खात का नाही? त्याला हातात कधी घ्यावे?

डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईत आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांची आणि केकची पाकिटे सापडली. महसूल गुप्तचर संचालनालयाच्या (डीआरआय) अधिकाऱ्यांनी ती उघडली, तेव्हा आत ११ साप निघाले. त्यांपैकी नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक होते. चोरट्या मार्गाने असोत किंवा कागदपत्रांसह, परदेशी साप आता शहरांतल्या घरांत पोहोचले आहेत आणि मनगटाभोवती पिल्लू गुंडाळलेल्या रील्स मोबाइलवर फिरत आहेत. रीलमध्ये न दिसणारी अडचण पहिल्या आठवड्यातच समोर येते. पिल्लू काही खात नाही. घाबरलेला मालक मग त्याला वारंवार बाहेर काढतो, तोंडासमोर उंदीर नाचवतो, आणि पिल्लू खाण्यापासून आणखी दूर जाते. बॉल पायथनच्या बाबतीत खाणे आणि हाताळणे हे दोन वेगळे विषय नाहीत, ते का, हे समजून घेऊ.

हा साप मुळात कुठला?

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बिनविषारी अजगर. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो अनेक दशके जगभर निर्यात होत आला आहे. ब्रिटनमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. दिवसा तो उंदरा-घुशींच्या बिळात किंवा वारुळात दडून राहतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. भीती वाटली की डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, त्यावरूनच ‘बॉल’ हे नाव पडले. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू जेमतेम ५० ते ८० ग्रॅमचे असते. एवढ्या लहान जिवाला पक्षी, मुंगूस, मोठे साप असे सगळेच शत्रू. त्यामुळे उघड्यावर असताना खाणे त्याच्या स्वभावातच नाही. रंगीत दिव्यांनी उजळलेली मोठी काचपेटी माणसाला छान दिसते, पिल्लाला ते उघडे माळरान वाटते.

मग न खाण्याचे कारण काय?

बहुतेक वेळा आजार नाही, तर भीती आणि चुकीचे तापमान. नव्या घरात आलेल्या पिल्लाला पाच ते सात दिवस अजिबात हात लावू नये. पाणी बदलायचे, बाकी काही नाही. पेटी लहान असावी आणि तिच्या दोन्ही टोकांना अंग चिकटेल अशा घट्ट लपण्याच्या जागा असाव्यात. दोन का? एकच असेल, तर पिल्लाला ऊब आणि सुरक्षितता यांतले एक निवडावे लागते.

साप स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून तापमान टिकवू शकत नाही. पचनासाठी त्याला बाहेरची ऊब लागते. पेटीचे एक टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५ ते २७ अंश असले, की तो गरजेनुसार जागा बदलतो. इथे सर्वाधिक घोळ होतो तो हीट मॅटचा. थर्मोस्टॅट नसलेली मॅट तापतच राहते. पोटाखालची जागा भाजू लागली तरी साप वेळेत बाजूला होईलच असे नाही, त्यामुळे पोटाची कातडी जळलेले साप पशुवैद्यकांकडे येतात. थर्मोस्टॅटचा सेन्सर पेटीच्या भिंतीवर उंच चिकटवून उपयोग नाही, कारण तिथे हवेचे तापमान मोजले जाते. तो उबदार टोकाला, साप जिथे बसतो त्या पृष्ठभागाशी असावा. पेटीवर डकवलेल्या गोल काट्याच्या थर्मामीटरवरही फार विसंबू नये.

आर्द्रता ६० ते ८० टक्के लागते. कोकणात आणि मुंबईत बहुतेक वर्ष ती आपोआप मिळते, पण पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ओलसर शेवाळाची डबी पेटीत ठेवावी लागते. विदर्भात प्रश्न उलटाच. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा पेटी तापवायची नसते, तर खोली थंड ठेवायची असते. अतिउष्णतेने साप काही तासांत दगावू शकतो.

काय द्यायचे, किती आणि कसे?

सापाला दूध चालत नाही. नागपंचमीच्या चित्रांनी हा समज आपल्याकडे घट्ट केला आहे. पण साप दूध पचवू शकत नाही. तहानलेला साप पुढे ठेवलेले दूध पाणी समजून ओढतो आणि ते फुप्फुसात गेले तर मरतोही. पाव, अंडे, चिकनचे तुकडे हेही बॉल पायथनचे अन्न नाही. त्याला अख्खा उंदीर लागतो, कारण हाडे, यकृत आणि कातडी यांतूनच त्याला कॅल्शियम व जीवनसत्त्वे मिळतात. ज्या घरात फ्रीजमध्ये उंदीर ठेवणे शक्य नाही (आणि बहुतेक मराठी घरांत ते नसतेच), त्या घराने हा साप आणण्याआधीच विचार केलेला बरा.

पिल्लू अंड्यातून आल्यावर आठ-दहा दिवसांत पहिली कात टाकते, त्यानंतर खाऊ लागते. पहिल्या वर्षात पाच ते सात दिवसांनी एक भक्ष्य पुरते. भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी आणि वजन सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. म्हणजे ८० ग्रॅमच्या पिल्लाला आठ ते बारा ग्रॅमचा उंदीर. रस्त्यावरचा किंवा घरात पकडलेला उंदीर कधीही देऊ नये. त्याच्या पोटात विष असू शकते आणि अंगावर परजीवी असतात.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावा, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात गरम करावा. मायक्रोवेव्हमध्ये नको, तो आतून शिजतो आणि फुटतो. गरम करण्यामागे शास्त्र आहे. बॉल पायथनच्या वरच्या ओठाच्या कडेला उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात आणि अंधारात तो भक्ष्य उबेवरून हेरतो. थंड उंदीर त्याच्या लेखी अन्नच नाही. दिवे मंद करून लांब चिमट्याने उंदीर लपण्याच्या जागेच्या तोंडाशी हलकेच हलवायचा. झडप पडली नाही, तर तिथेच ठेवून रात्रभर निघून जायचे. सकाळी उरलेला टाकून द्यावा आणि पुढचे पाच-सहा दिवस पुन्हा प्रयत्न करू नये. रोज रोज समोर नाचवणे हाच नकाराचा सराव ठरतो.

जिवंत उंदीर सोडण्याचा मोह अनेकांना होतो. पेटीत अडकलेला उंदीर स्वतःला वाचवण्यासाठी चावतो, आणि भूक नसलेला साप त्याला तसे करू देतो. डोळे गमावलेले, पाठीचा कणा उघडा पडलेले साप याच हौसेचे बळी आहेत. खाऊ घालण्यासाठी सापाला वेगळ्या डब्यात नेण्याची जुनी पद्धतही टाळलेली बरी, कारण खाल्ल्यावर लगेच त्याला पुन्हा उचलावे लागते.

हातात कधी घ्यायचे?

सलग दोन-तीन वेळा व्यवस्थित खाल्ल्यानंतर. त्यातही जेवणानंतर किमान ४८ तास हात लावायचा नाही. भरल्या पोटी उचलले तर पिल्लू भक्ष्य ओकून टाकते. ही उलटी साधी नसते. त्यात पोटातले आम्ल घशापर्यंत येते आणि पाणी व क्षार कमी होतात. अशा वेळी १० ते १४ दिवस काहीही देऊ नये आणि पुढचा घास नेहमीच्या निम्म्या आकाराचा असावा. डोळे निळसर-धुरकट झाले, म्हणजे कात टाकण्याची वेळ जवळ आली. त्या दिवसांत दिसत कमी असल्याने साप बिथरतो, तेव्हा हाताळणी थांबवावी. डोळ्यावर अडकलेली कात ओढून काढू नये.

उचलताना हात वरून न्यायचा नाही. वरून येते ते शिकारी पक्ष्याचे पंजे, एवढेच त्याला ठाऊक. बाजूने हात घालावा, अंगाच्या मध्यभागी आधार द्यावा, डोके धरू नये. आधी कागदाच्या सुरळीने अंगाला हलके टेकवले, की ‘आता अन्न नाही’ हे तो काही दिवसांत शिकतो. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे पुरेत. उंदराचा वास असलेल्या हाताने मात्र कधीच नाही.

तरीही चावला, तर झटक्यात हात ओढू नये. दात मागे वळलेले असतात, ओढले की जखम वाढते आणि पिल्लाचे दात तुटतात. थांबावे, तो बहुधा स्वतःच सोडतो. मग साबण-पाण्याने धुवावे. चाव्यापेक्षा साल्मोनेला जिवाणूंचा धोका जास्त खरा आहे. ते निरोगी सापाच्या विष्ठेतही असतात आणि गोठवलेल्या उंदरांवरही. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती आणि वृद्ध यांनी सापापासून लांब राहावे. पेटीतली भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत.

डॉक्टर कधी गाठायचा?

प्रौढ बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहूनही ठणठणीत असतो. पिल्लाकडे तेवढी चरबी नसते. म्हणून दर आठवड्याला स्वतंत्र डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. वजन १० टक्क्यांहून अधिक घटले, तोंडातून फेस किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, किंवा लागोपाठ दोनदा उलटी झाली, तर परदेशी प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे न्यावे. जबरदस्तीने घशात अन्न ढकलणे हे त्यांचेच काम. घरी केलेल्या प्रयत्नात अन्ननलिका फाटू शकते.

कायदा काय सांगतो?

नाग, धामण, भारतीय अजगर किंवा कोणताही देशी संरक्षित साप घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत असून शिक्षा तीन ते सात वर्षे तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘बचावलेले पिल्लू’ ही सबब चालत नाही. बॉल पायथनचे प्रकरण वेगळे. तो ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. विक्रेत्याने दिलेले साधे बिल म्हणजे नोंदणी नव्हे.

बॉल पायथन २० ते ३० वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील साठी ओलांडलेल्या एका मादीने २०२० मध्ये सात अंडी घातली होती. सांभाळणे जमत नसेल, तर साप टेकडीवर किंवा नाल्याकाठी सोडू नये. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.