पिल्लू उंचावरून पडले, तर?

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी गावातलाच दहा वर्षांचा एक मुलगा दवाखान्यात धावत आला. शर्टात गुंडाळलेले दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू. "डॉक्टरकाका, हा गॅलरीतून पडला, बघा ना!" मागोमाग आजी आल्या. "दूध प्यायलाय तो. काय नाय झालं त्याला."

मी माणसांचा डॉक्टर. पण पोराचा चेहरा बघून नाही म्हणवेना. पिल्लाचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढुरक्या. श्वास भराभर चाललेला, पोट ताठ. आतून रक्तस्राव होत असावा. लगेच पशुवैद्यकाकडे पाठवले. वेळेत उपचार मिळाले म्हणून पिल्लू वाचले.

आपल्या घणसोली गावात घरे एकमेकांना खेटून, जिने अरुंद, कठड्यांच्या गजांत फटी. असे अपघात व्हायचेच. तेव्हा काय पाहावे?

हिरड्या : निरोगी पिल्लाच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे. हिरड्या पांढऱ्या वा निळसर दिसल्या, तर धोका समजावा. काहींच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. तिथे जीभ पाहावी.

श्वास : पिल्लू शांत पडलेले असताना घड्याळ लावून मोजावा. मिनिटाला ४० च्या वर जात असेल, किंवा श्वास घेताना पोट जोराने आत-बाहेर होत असेल, तर थांबू नये.

डोके : झोकांड्या जाणे, एक बाहुली लहान व एक मोठी दिसणे, नाकाकानातून रक्त, झटके, वारंवार उलटी ही मेंदूला मार लागल्याची लक्षणे.

पाय, कणा व पोट : पाय टेकत नसेल तर हाड मोडले असू शकते. मागचे दोन्ही पाय ओढत असेल तर कण्याला इजा. पोट फुगणे, लघवीतून रक्त येणे किंवा लघवीच न होणे, हेही गंभीर.

यांतले एकही लक्षण दिसले, तर पिल्लाला फळीवर किंवा ताणलेल्या टॉवेलवर अलगद ठेवून न्यावे. तोंडात पाणी, दूध ओतू नये. आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेनची गोळी तर मुळीच देऊ नये. ती कुत्र्याला विषासारखी बाधू शकते. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे. पण अत्यवस्थ पिल्लाला आधी जवळच्या पशुवैद्यकाला दाखवावे. वरवर ठीक दिसले, तरी दोन दिवस नजर ठेवावी. आतला मार उशिरा दिसतो.

आता माझ्या विषयाकडे येतो. त्या दिवशी निघताना मुलाने उजवा हात मागे लपवला. बोटावर दाताचे दोन व्रण होते. उचलताना पिल्लू चावले होते, आणि आई रागावेल म्हणून तो गप्प होता! दुखावलेला प्राणी मालकालाही चावतो. पिल्लू लहान आहे, घरचे आहे, म्हणून रेबीज होणार नाही असे समजू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा व डॉक्टर सांगतील ते सर्व डोस पूर्ण करा. सरकारी रुग्णालयांत ही लस मिळते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोगी सहसा वाचत नाही.

म्हणून मुलांना एवढेच सांगून ठेवा : कुत्रा चावला तर घरी सांगायचे, कोणी रागावणार नाही. आणि खरोखरच रागावू नका.