ऊसतोड मजूर : त्यांचें काम व त्यांची मजुरी

आपल्या मळ्यांतील ऊस पक्व झाला व कारखान्याकडून तोडणीची पाळी आली, म्हणजे बांधावर दहापंधरा बिऱ्हाडांची एक टोळी येऊन उतरते. चारसहा दिवसांत रान मोकळें होतें आणि टोळी पुढच्या शिवारांत निघून जाते. ज्यांच्या हातून आपल्या वर्षभराच्या कष्टांचा पैसा होतो, त्यांची ओळख आपणांस बहुधा एवढीच असते. सबब त्यांच्या कामाची व मजुरीची कांहीं माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हे लोक मुख्यत्वें बीड जिल्ह्यांतले. त्याखेरीज अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव, लातूर वगैरे जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतूनहि ते येतात. त्यांतील पुष्कळजण आपल्यासारखेच शेतकरी आहेत, हें विसरतां कामा नये. दोनचार एकर हलकें रान, पावसावरचें एक पीक, आणि दिवाळीनंतर हातास काम नाहीं. मग बिऱ्हाड गाडींत घालून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे अथवा थेट कर्नाटकांत जावयाचें, तें पाडव्याच्या सुमारास परतावयाचें.

या धंद्यांत मजूर एकटा मोजीत नाहींत. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ होतो. एकटा आला तर ‘अर्धा कोयता’. तोडणीस आरंभ पहांटे होतो. तोडलेल्या उसाची मोळी बांधून ती डोक्यावर घ्यावयाची व फळीवरून ट्रकवर चढवावयाची, हें काम बायकांच्याहि वांट्यास येतें. तान्हें मूल पाचटावर निजलेलें असतें. ट्रॅक्टर रात्रीं आला तर भरणेंहि रात्रींच. बैलगाडीवाल्यास तर तोडणी आटोपल्यावर कारखान्यावर जाऊन वजनाच्या रांगेंत तिष्ठत बसावें लागतें.

आतां हिशेब पाहूं. जानेवारी २०२४ मधील करारानें तोडणीचा दर ३४ टक्क्यांनीं वाढून टनास सुमारें २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. मुकादमाचें कमिशन १९ चें २० टक्के झालें. एका कोयत्यानें दिवसास दोन टन ऊस तोडला असें धरल्यास दोघांची मिळून कमाई ७३२ रुपये होते. हंगामांत कामाचे १२० दिवस भरले तर ८७,८४० रुपये. परंतु हंगामापूर्वींच मुकादमाकडून लाख रुपये उचल घेतली आहे असें समजूं. ती लग्नांत, दवाखान्यांत, जुन्या देण्यांत केव्हांच खर्चून गेलेली. म्हणजे पांच महिने राबून १२,१६० रुपये अंगावर राहिले, व पुढील सालीं पुन्हां त्याच मुकादमाकडे जाणें आलें. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ सालीं झाला. पण उचलीची ही सांखळी वेठीहून कितीशी निराळी आहे, तें ज्याचें त्यानें ठरवावें. हंगामांत हातीं रोकड येते ती वाढे विकून, आणि त्याचें गिऱ्हाईकहि आपणच.

एक दिवस काम चुकलें तर ‘खाडा’ पडतो व त्याचा दंड उचलींत चढतो. या भयानें बायका दुखणें अंगावर काढतात. बीड जिल्ह्यांतील प्रकार २०१९ सालीं उघडकीस आला, तेव्हां राज्य शासनाच्या समितीनें चौकशी केली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. म्हणजे दर सहा स्त्रियांत एक. हा आंकडा वाचून प्रस्तुत लेखक बराच वेळ स्वस्थ बसला होता.

टोळीनें एकरीं खुशाली मागितली म्हणजे आपण चिडतों, व तें सर्वस्वीं गैरहि नाहीं. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच ऊसबिलांतून कापला जातो. वर पुन्हां कां द्यावें? परंतु तो पैसा आपला असतां त्याचा किती भाग कोयत्याच्या हातीं पडतो, हें आपण कधीं विचारीत नाहीं. शिवाय दमलेला मनुष्य ऊस वरून तोडतो. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर अधिक. तीं रानांतच राहिलीं तर वजन जातें आणि खोडवाहि नीट फुटत नाहीं. यंत्रानें तोडणी होऊं लागली आहे खरी, पण लहान तुकड्यांत व लोळलेल्या उसांत यंत्र अडतें; तेथें अजून कोयताच लागतो.

ऊसतोड कामगारांसाठीं शासनानें गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें महामंडळ स्थापिलें आहे, व मुलांकरितां वसतिगृहांची योजनाहि आहे. तरी पुष्कळ मुलें आईबापांबरोबर फडावरच येतात.

गेल्या हंगामांत आमच्या बांधावर उतरलेल्या टोळींतील एक बाई विहिरीजवळ येऊन म्हणाली, “मालक, घटकाभर मोटर चालू ठेवतां का? दोन दिवस झाले, बायांच्या आंघोळी नाहींत.” मळ्यांत पाणी वाहत असतां हें आम्हांस सुचलें नव्हतें, याची लाज वाटली. यंदां टोळी येण्यापूर्वींच विहिरीलगत पाण्याची एक टाकी, दोन पत्र्यांचा आडोसा व खोपींजवळ एक दिवा एवढी सोय करून ठेविली आहे. आणि हिशेबाची वही कोयत्यागणिक निराळी ठेवून ती दर आठवड्यास वाचून दाखवावी, असें मुकादमास सांगितलें आहे. त्यानें अद्याप होकार दिलेला नाहीं.